तालीम शनिवारी संध्याकाळी सात वाजता

गेले दोन शनिवार-रविवार लिहिणं झालं नाही. पहिल्या शनिवारी ऑफिसमध्ये रिलीज होता आणि दुसऱ्या शनिवारी आमच्या मंडळाची मीटिंग. रिलीज रात्री दोनला आटोपला. मीटिंग साडेदहालाच संपली, पण दमलो मात्र मीटिंगनं. रिलीजमध्ये निदान चूक कुठे झाली ते स्क्रीनवर लाल अक्षरांत दिसतं हो!

तर त्या मीटिंगबद्दल. पण आधी थोडं नमन. (घडाभर नाही, वाटीभर.)

आमचं मंडळ म्हणजे मीरा रोड पूर्वेच्या चार-पाच सोसायट्यांमधली मिळून चाळीसेक मराठी कुटुंबं. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून अध्यक्ष काका मला लिफ्टमध्ये गाठतील. पाडवा पहाट, कोजागिरी, मुलांची चित्रकला स्पर्धा आणि वर्षातून एक एकांकिका, एवढा आमचा संसार. वर्गणी घरटी दीड हजार रुपये. माझ्याकडे दोन खाती आहेत: हिशोबाची एक्सेल शीट आणि एकांकिकेची प्रकाशयोजना. प्रकाशयोजना हा शब्द फार मोठा झाला. चार दिवे आणि एक डिमर आहे, आणि तो डिमरही मधेच रुसतो.

जे इकडे राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, मीरा-भाईंदर हे बाहेरून एक शहर दिसतं, आतून चार आहेत. भाईंदर पश्चिमेला जुनं गाव, बाजार आणि मिठागरं. पूर्वेला आम्ही, म्हणजे इमारतीला लागून इमारत. हायवेच्या अंगाला काशीमिरा. आणि पार समुद्राच्या टोकाला उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची गावं. २००२ साली इथे महानगरपालिका झाली. २००१च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी वर असलेली लोकसंख्या २०११मध्ये आठ लाख नऊ हजारांवर गेली होती. त्या वाढीत आम्हीही आलो, गिरगाव-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्या सोडून वन बीएचकेच्या आशेनं. सोबत आणलेल्या सामानात नाटकाचं वेड होतं. नाटक बघायला कित्येक वर्षं बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह गाठायचो. २०२२ साली दहिसर चेकनाक्याजवळ लता मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह सुरू झालं तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोंचा पाऊस पडला होता. आमची स्वतःची एकांकिका मात्र अजूनही भाड्याच्या साध्या हॉलमध्येच होते. झेप तेवढीच!

नमन संपलं.

मागच्या वर्षी कमिटीत ठरलं की दर वर्षी तेच सहा चेहरे स्टेजवर दिसतात, आता बाहेरच्या नव्या लोकांनाही घेऊ या. सूचना माझीच होती, त्यामुळे नोटीस लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. "सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. वयाची, अनुभवाची अट नाही. निवड चाचणी व तालीम शनिवारी संध्याकाळी सात वाजता." खाली एका सभासदाच्या घराचा पत्ता, तिसरा मजला. (जुनी इमारत. लिफ्ट नाही.) नोटीस सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर गेली, शिवाय मी स्वतः भाईंदर पश्चिमेला जाऊन तीन दुकानांत कागद चिकटवून आलो. आपण केवढे उदार, या आनंदात परत येताना एक वडापावही खाल्ला.

चाचणीला सतरा जण आले. त्यातले पंधरा आमचेच.

उरलेल्या दोघांपैकी एक मुलगा काशीमिऱ्याहून आला होता, पाठीवर डिलिव्हरीची चौकोनी बॅग. आमचं आधी चहा, मग अध्यक्षांचं प्रास्ताविक, मग गेल्या वर्षीच्या आठवणी असं चाललं होतं. तो वीस मिनिटं फोनकडे बघत बसला आणि त्याचा नंबर यायच्या आत उठून गेला. जाताना "सॉरी सर, ऑर्डर आली" एवढंच म्हणाला. पुन्हा आला नाही. त्याचं नावसुद्धा आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

दुसरी होती उत्तनची मुलगी, बावीस-तेवीसची. भाईंदरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिनं वाचलं आणि खोली एकदम गप्प झाली. आवाज असा खणखणीत की तिसऱ्या मजल्यावरून खाली रिक्षा स्टँडवर ऐकू जावा, आणि कुठेही ओरडल्यासारखा नाही. आमच्या सहा चेहऱ्यांपैकी एकाकडेही असा आवाज नाही. (मी त्या सहांत आहे.) उतारा संपला आणि मी, म्हणजे हा उदार माणूस, काय म्हणालो असेन?

"छान! फक्त ते 'पानी' नाही, 'पाणी' म्हण."

सगळे हसले. दुष्टपणानं नाही हं, अगदी प्रेमानं हसले. तीही हसली. मग कुणीतरी म्हणालं की आपल्या एकांकिकेत कामवालीचं पात्र आहे, त्याला हिची भाषा अगदी फिट्ट बसेल. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. तिला विचारायचं राहिलं.

ती दोन तालमींना आली आणि तिसऱ्याला आली नाही. चौथ्या दिवशी ग्रुपवर ती राखाडी रंगाची ओळ दिसली, अमुक यांनी ग्रुप सोडला. आमचं त्यावरचं विश्लेषण सांगू? "आजकालच्या मुलांना कमिटमेंट नसते." मीही त्याखाली अंगठा दाखवला होता.

आता काकांची गोष्ट. अध्यक्ष काका वेगळे, हे पेटीवाले काका. मंडळाच्या स्थापनेपासून पाडवा पहाटला पेटी त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. उजवा हात शाबूत आहे. पेटीचा भाता एरवी डाव्या हातानं ओढतात, तर त्यांनी नातीला भाता मारायला बसवलं आणि एका हातानं वाजवायला पुन्हा सुरुवात केली. आम्हाला केवढं कौतुक! या पाडव्याला त्यांना बोलावलंच. हॉलच्या दाराशी उतार होता, व्हीलचेअर आत आली. आणि मग समोर स्टेज. सात पायऱ्या.

चौघांनी खुर्चीसकट उचललं. कुणीतरी "गणपती बाप्पा मोरया" म्हणालं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी दिव्यांपाशी होतो, त्यामुळे मला काकांचा चेहरा वरून नीट दिसला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. वाजवलं सुंदर. उतरताना पुन्हा चौघे आणि पुन्हा टाळ्या. कोजागिरीला बोलवायला गेलो तर काकू दारातच म्हणाल्या, "नको रे, ह्यांना बरं वाटत नाही." आतून पेटीचा आवाज येत होता.

हे दोन प्रसंग माझ्या डोक्यात कित्येक महिने वेगवेगळ्या कप्प्यांत पडून होते. ते जोडले गेले ते ऑफिसात. आमच्या एका अॅपमध्ये लोक फॉर्म भरायला घेत आणि तिसऱ्या पानावर सोडून देत. दिवसाला शेकडो माणसं, सगळी तिसऱ्याच पानावर! तेव्हा मीटिंगमध्ये कुणी म्हणालं नाही की आजकालच्या युजरला कमिटमेंट नसते. म्हणायची हिंमतच नाही, क्लायंट ओरडेल. आम्ही मुकाट्यानं तिसरं पान उघडून बघितलं. निघालं काय, तर जुन्या फोनवर 'पुढे'चं बटण स्क्रीनच्या खालीच जात होतं. बटण होतं, आम्हाला आमच्या मोठ्या मॉनिटरवर दिसत होतं, आणि म्हणून आम्ही समजत होतो की ते सगळ्यांना दिसतं.

त्या रात्री ट्रेनमध्ये दहिसर गेल्यावर एकदम डोक्यात आलं. शनिवार संध्याकाळ सात. तिसरा मजला. सात पायऱ्या. पाणी.

पुढच्या रविवारी सहकुटुंब उत्तनला गेलो. निमित्त मासळीचं. खरं कारण बायकोला ठाऊक होतं. मुलीला आधी फोन करून विचारलं होतं, ती म्हणाली, "या ना दादा." तिच्या घरासमोर बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत होते, माझ्या मुलानं नाक धरलं आणि तिच्या आईनं त्याच्या हातात केक ठेवला. मी माफी कशी मागायची याची ट्रेनमध्ये तालीम केली होती, तीही सात वाजताची तालीम असल्यासारखीच फसली. शेवटी सरळ विचारलं, "का सोडलंस?"

"दादा, शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सा असते. मी कॉयरला आहे ना. दोनदा फादरना सांगून आले."

कॉयर! मुलगी सहा वर्षं चार आवाजांच्या कॉयरमध्ये गाते, स्वरलिपी वाचते. आम्ही तिला काहीच विचारलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

"आणि तालीम सुटायची दहाला. तिथून भाईंदर, मग उत्तनची बस. रात्री रिक्षावाला एवढ्या लांब यायला मागत नाही. पप्पा स्टेशनला गाडी घेऊन उभे राहायचे. दोन वेळा राहिले, तिसऱ्या वेळी मलाच लाज वाटली."

मग जरा थांबून म्हणाली, "कामवालीचं काम करायला मला काही नाही. पण मी बोलले की सगळे हसायचे, आणि त्या सीनमध्ये हसण्यासारखं काही लिहिलेलंच नव्हतं. तिचा मुलगा आजारी असतो त्यात. आमच्या घरी असंच बोलतात, दादा."

घरी असंच बोलतात हे मी तोवर ऐकतच होतो. तिची आई माझ्या बायकोला लग्नातल्या 'उंबराचं पाणी' या विधीबद्दल सांगत होती. बँड लावून, गाणी म्हणत विहिरीवर पाणी आणायला जातात म्हणे. नाव ईस्ट इंडियन, तेही १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलेलं. आणि घरात भाषा मराठी, आमच्या सोसायटीतल्या कित्येक मराठी घरांपेक्षा जास्त मराठी. आम्ही मात्र मराठी संस्कृती जपायला म्हणून मंडळ काढलं आणि आमच्याच शहरातल्या शेकडो वर्षं जुन्या मराठीला नाटकातलं विनोदी पात्र करून टाकलं. वर त्याला स्वागत म्हटलं.

घरी आल्यावर मी जरा वाचायला बसलो. हा माझा नेहमीचा दोष आहे, लाज वाटली की वाचतो. आणि १८८५ सालावर येऊन अडकलो.

मराठी साहित्य संमेलनाचं मूळ म्हणजे ग्रंथकारांची सभा. पहिली १८७८ साली पुण्यात भरली, न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं. १८८५च्या सभेचं निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवलं. म्हणजे बघा, दार उघडं होतं. स्वागत होतं. आणि फुल्यांनी पत्र लिहून यायला नकार दिला. ते पत्र 'ज्ञानोदया'त छापून आलं. त्यातला मुद्दा थोडक्यात असा, की जे लोक आम्हाला माणूस म्हणून हक्कच देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा, पुस्तकांचा मेळ बसत नाही. आम्ही काय सोसलं हे त्यांना कळलेलंच नाही. शाळेत हे पत्र मला फटकळपणाचा नमुना म्हणून कुणीतरी सांगितलं होतं. आता वाचताना वाटलं, हा माणूस तिसऱ्या पानावर काय अडतंय ते स्वच्छ लिहून कळवतोय. एवढा चांगला बग रिपोर्ट आयुष्यात कुणी आम्हाला दिला नाही! आमच्याकडे लोक नुसतेच ग्रुप सोडतात.

त्या रिपोर्टवर काम किती सावकाश झालं तेही बघा. १८७८ साली सुरू झालेल्या या परंपरेत पहिल्या बाई अध्यक्ष, कुसुमावती देशपांडे, १९६१ साली. त्र्याऐंशी वर्षं! शंकरराव खरात अध्यक्ष झाले ते १९८४ साली, जळगावला. आणि आमच्या खाडीपलीकडच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवला (तेव्हा उस्मानाबाद). त्यांच्या निवडीला विरोध झाला, संयोजकांना धमक्यांचे फोन आले. दिब्रिटोंनी सारं आयुष्य मराठीत लिहिलं होतं, कित्येक वर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं होतं. तरीही काहींच्या लेखी ते पाहुणेच.

नाटकातही तीच कथा. 'आंधळ्यांची शाळा'मध्ये १९३३ साली ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या ती मोठी घटना ठरली. होतीच. पण तमाशाच्या फडात पवळा त्याच्या किती आधीपासून नाचत-गात होती, पठ्ठे बापूरावांबरोबर मुंबई गाजवत होती. फक्त त्या फडाला कुणी रंगभूमी म्हणत नव्हतं.

बरं, चांगली उदाहरणं शोधायला लांब जायला नको. आमच्याच जिल्ह्यात, ठाण्यात, रत्नाकर मतकरींनी २०१४ साली समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. हेच मतकरी १९६२पासून बालनाट्य करत होते, म्हणजे तयार संहिता आणि तयार दिग्दर्शक त्यांच्याकडे ढिगानं होते. त्यांनी वस्त्यांमधल्या मुलांना ते दिलंच नाही. मुलांनी आपल्याच वस्तीतले विषय घ्यायचे, आपल्याच भाषेत आपणच नाटुकली रचायची आणि करायची, नाटकवाले मदतीला. मे २०२०मध्ये मतकरी गेले, त्यांच्यानंतरही ते काम चालू राहिलं. आणि स्वागत थोरात यांनी एकोणीस अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' उभं केलं ते तर स्टेजवर वावरायचं कसं हा प्रश्न मुळापासून सोडवल्याशिवाय शक्यच नव्हतं. हे थोरात म्हणजे २००८पासून 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक काढणारे. या दोघांनीही नोटीस लावून वाट बघितली नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

हे सगळं घेऊन मी मीटिंगला गेलो. अर्थातच फुल्यांपासून सुरुवात केली आणि अर्थातच अध्यक्ष काकांनी घड्याळ बघितलं.

मग वाद. काका वाईट माणूस नाहीत हे आधी सांगतो. त्यांनी स्वतः तरुणपणी गिरणीतल्या पाळ्या सांभाळून कामगार रंगभूमीवर कामं केली आहेत. त्यांचा शब्द एकच, "दर्जा." म्हणाले, "अरे, उच्चार शिकवायचे नाहीत, पाठांतराला ओरडायचं नाही, मग नाटक कशाला, भिशी काढा!" मला त्यात तथ्य वाटलं, अजूनही वाटतं. नाटक म्हणजे शिस्त हे खरंच आहे. पण मी विचारलं की काका, तिच्या आवाजाइतका आवाज आपल्यात कुणाचा आहे? दर्जा म्हणून आपण नक्की काय वाचवलं? काका गप्प बसले. पटले म्हणून नव्हे. चहा आला होता.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक निघाला. एक दादा म्हणाले, "आपणच इथे कोपऱ्यात ढकललेले. आणि आपणच सगळ्यांना जागा करून द्यायची?" जुलै २०२५मध्ये मीरा रोडला भाषेवरून जे पेटलं, दुकानदारांचा मोर्चा आणि मग मराठी माणसांचा मोर्चा, धरपकड, ते सगळ्यांच्या मनात ताजं आहे. मी त्या दादांना हसणार नाही. मराठी आहात म्हणून फ्लॅट नाही, असं ऐकून परत फिरलेली माणसं आमच्या मंडळात आहेत. मंडळ मराठीच राहावं असं मलाही वाटतं. पण मग उत्तन? डोंगरी? डिलिव्हरीच्या बॅगवाला तो मुलगा शुद्ध मराठवाडी बोलत होता. आपण ज्यांना घालवलं ते दोघेही मराठीच होते की हो! दादा म्हणाले, "हं." त्या 'हं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मग मी विजयी मुद्रेनं ठराव मांडला, तालीम रविवारी दुपारी तीन वाजता, तळमजल्यावर. आणि इतका वेळ गप्प बसलेल्या एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे रविवारचं जेवण, मागचं आवरणं, हे टाकून मी तीनला कशी येऊ? शनिवारी सातला यायचं तर मी पाचलाच पोळ्या करून ठेवते. आठ वर्षं करतेय. तुम्ही पुरुष नुसते कपडे बदलून येता, म्हणून तुम्हाला सात सोयीचं."

शांतता. आठ वर्षं वहिनी आमच्यातल्याच होत्या, सहा चेहऱ्यांतल्या एक. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. शेवटी रविवारी साडेचार ठरलं, आणि एकाआड एक आठवडा तालीम भाईंदर पश्चिमेला स्टेशनजवळ. त्यानं दोघांची गैरसोय होते. झाली आहे. एक जण "मग मला जमणार नाही" म्हणून गेलेही. चांगले नट होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

वर्गणीचं मी आकड्यांत दाखवलं. चाळीस घरांचे साठ हजार येतात. एकांकिकेत काम करायला सभासदत्वाची अट काढून टाकली तर बुडणार किती, चार-सहा हजार. तेवढं आम्ही फुलांच्या सजावटीवर घालवतो. हा ठराव पाच मिनिटांत पास झाला. सजावटवाले तेवढे नाराज आहेत.

आणि स्टेजच्या पायऱ्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे, त्यात संस्कृती आणि करमणुकीचं वेगळं कलम आहे, हे सगळं मी वाचून दाखवलं. कुणीतरी म्हणालं, सुताराकडून लाकडी उतार करून घेऊ, त्यात काय. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. सात पायऱ्या, पायरी सहा इंचांची धरली तरी उंची बेचाळीस इंच. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण एकास बारा. म्हणजे लांबी बेचाळीस फूट! वळायला सपाट जागा वेगळीच. बेचाळीस फूट म्हणजे आमच्या हॉलची निम्मी लांबी. त्याहून चढ केला तर वर ढकलणाऱ्याचा घामटा निघतो आणि उतरताना माणूस घसरतो. फोल्डिंग लिफ्टचं भाडं विचारलं, ते ऐकून एक्सेल शीट रडली.

दुसऱ्या दिवशी मी पेटीवाल्या काकांकडे गेलो. माझी आकृती, उताराचा कोन, सगळं कागदावर काढून नेलं होतं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. बोलताना आता शब्द सावकाश येतात. म्हणाले, "मला वर न्यायचं एवढं काय चाललंय तुमचं? तुम्हीच खाली या की."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं प्रकाशयोजना करतोय, आणि एकदाही डोक्यात आलं नाही की स्टेज वापरलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

तर या वर्षीची एकांकिका जमिनीवर. तीन बाजूंनी खुर्च्या, मधे मोकळी जागा. मागच्या रांगेला दिसणार नाही म्हणून अध्यक्ष काका आत्तापासून चिंतेत आहेत. मागच्या दोन रांगा बाकांवर बसवायच्या का, ती बाकं कुणाची आणायची, यावर ग्रुपवर काल एकशे चार मेसेज आले. माझे दिवे आता वरून टांगता येणार नाहीत, ते कुठे लावायचे कळत नाही. पेटीवाले काका अजून 'येतो' असं म्हणालेले नाहीत. "बघू" म्हणालेत. नातीची परीक्षा कधी आहे ते मात्र विचारून ठेवलंय.

ती मुलगी परत आली. अट घालून आली: या वेळी काम करणार नाही, लिहिणार. चौदा पानं लिहून आणली आहेत, वादळाचा इशारा आलेला आहे आणि एक होडी परतायची आहे, त्या रात्रीचं एक घर. गाणी आहेत, ती दोन आवाजांत बसवायची म्हणते. परवाच्या वाचनात मला बापाचं काम वाचायला दिलं होतं. पहिल्याच पानावर तिनं थांबवलं. "दादा, तुम्ही वाचताय. आमचे पप्पा असे थांबून थांबून नाही बोलत." पुन्हा वाचलं, पुन्हा थांबवलं. सहा वेळा. अध्यक्ष काका खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते आणि सातव्या वेळी तेच मला ओरडले, "अरे, ती सांगते तसं म्हण ना!"

डिलिव्हरीवाल्या मुलाचा पत्ता लागलेला नाही. काशीमिऱ्याहून काही मागवलं की मी दार उघडताना चेहरा बघतो.

उद्याची तालीम साडेचारला, भाईंदर पश्चिम, तळमजला. परतीला उत्तनची बस पकडायची असल्यामुळे बरोबर साडेसातला बंद. चहा तालमीनंतर, ज्याला थांबायचं त्यानं थांबावं.